दुसऱ्या कापडाची कॉलर

माझ्या मुलाच्या फोटोला हार घातलेला होता. हार खरा नव्हता, मोबाईलमधला होता. फोटोखाली मोबाईलमधलीच पणती होती आणि तिची ज्योत हलत होती. वर लिहिलं होतं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली लिहिलं होतं, ‘आमचा दोस्त हरपला. दहावी ब.’ नाव कुठंच नव्हतं.

मोबाईल शेजारणीच्या हातात होता. ती आमच्या समोरच्या घरात राहते, आणि सगळ्या गल्लीसारखी तीही मला मावशीच म्हणते. तिचा मुलगा माझ्या मुलाच्याच शाळेत, एक वर्ग मागं होता. त्यानं हे चित्र सकाळी त्याच्या स्टेटसला ठेवलं होतं. ते पाहिल्याबरोबर ती तशीच, कणकेच्या हातानं, रस्ता ओलांडून आली.

“मावशी, हा तुमचाच ना हो?”

फोटो शाळेच्या गॅदरिंगमधला, चाळीस वर्षांपूर्वीचा होता. मानेपर्यंत केस, डोळ्यांवर काळा गॉगल, अंगात चकाकणारा निळा शर्ट आणि पुढं ड्रम. त्या काळातल्या कुठल्याही पोराचा फोटो असाच असायचा. केस आणि गॉगल वजा केले तर नाक आणि हनुवटी उरायची, त्यावरून आईनंसुद्धा ओळखू नये. मी चेहऱ्याकडं पाहिलंच नाही. मी कॉलर पाहिली. शर्ट निळा होता आणि कॉलर पांढरी होती. तो शर्ट मी शिवलेला होता.

“माझाच आहे,” मी म्हणाले.

तिनं गळा काढला. माझ्या खांद्यावर कणकेचा हात ठेवला आणि म्हणाली, “अहो मावशी, काल तर मला गाडी काढताना दिसला हो. काल तर बोलला माझ्याशी.”

“रडायचं तर तुझ्या घरी जाऊन रड,” मी म्हणाले. “मला फोन लावू दे.”

ती गेली. जाताना दाराशी थांबून म्हणाली, “चूल पेटवू नका मावशी. मी बघते सगळं.” आमच्याकडं माणूस गेलं की त्या घरात त्या दिवशी स्वयंपाक होत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी करून आणतात. त्याला कडू घास म्हणतात. माझा गॅस चालूच होता, त्यावर दूध होतं.

मुलाचा फोन बंद होता. पुन्हा लावला. बंद. तो शेतकऱ्यांना ठिबकचं सामान पुरवतो, बसवूनही देतो. त्या दिवशी पहाटेच चांदवडला गेला होता, तिथून पुढं देवळ्याकडं जाणार होता. आग्रा रोडवर गाड्या कशा चालतात ते मला माहीत आहे. सुनेला फोन लावला. ती पतसंस्थेत नोकरी करते, कामाच्या वेळी त्यांचे फोन ड्रॉवरमध्ये असतात. तिनं उचलला नाही. मग मी पतसंस्थेच्या नंबरावर लावला आणि शिपायाला म्हणाले, तिला घरी पाठव, लगेच. का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रिक्षात बसून रडत आली असती, आणि रडणाऱ्या बाईला रिक्षावाला कुठंही फिरवतो.

दूध उतू गेलं. मी ओटा पुसला. पुसताना मला तो शर्टच दिसत होता, म्हणून आता त्या शर्टाचंच सांगते.

मी देवळ्याकडची. गावात चौथीपर्यंत शाळा होती, तेवढी शिकले. लग्न होऊन नाशिकमध्ये सातपूरला आले. मालक कारखान्यात होते, आणि मी घरी ब्लाउज, परकर, पोरांचे शर्ट शिवायची. मागं पत्र्याची एक खोली होती, तिथं माझं पायमशीन होतं. मुलगा हायस्कूलला गेला आणि त्याच सुमारास मालकांनी टेपरेकॉर्डर आणला. मला वाटलं, घरात भजनं लागतील. दोन दिवस लागली. तिसऱ्या दिवसापासून त्यातून इंग्रजी गाणी बाहेर यायला लागली.

गाणी म्हणायची म्हणून म्हणते. मला ती पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटल्यासारखी वाटायची. आधी धडधड, मग एक बाप्या किंचाळायचा, मग पुन्हा धडधड. रविवार कारंज्याजवळ एक दुकान होतं. तिथं कोरी कॅसेट दिली की दुकानदार हवी ती गाणी भरून द्यायचा. पोरं शाळेतून सुटली की तिकडं चालत जायची. कॅसेटची फीत अडकली की पेन्सिल घालून फिरवत बसायची. अभ्यासाची पेन्सिल त्यांना कधी सापडायची नाही, कॅसेटची बरोबर सापडायची.

चौघं होती. एक गाणारा, त्याचा आवाज फुटत होता, त्यामुळं त्याला इंग्रजी गाणी बरी जमायची. एक बेंजोवाला, तो गल्लीतल्या वरातींतून शिकला होता. माझ्या मुलाकडं गिटार. ती त्यानं शरणपूरकडच्या एका ख्रिस्ती मित्राच्या घरून वापरायला आणली होती आणि तो ती कुणाला हात लावू द्यायचा नाही. चौथा सायखेड्याचा. त्याच्या वडिलांची गोदावरीकाठी शेती होती. पोरगं शिकावं म्हणून त्याला नाशिकला मावशीकडं ठेवलं होतं. त्याच्याकडं काहीच वाद्य नव्हतं, म्हणून त्याला ड्रम दिला. ड्रम म्हणजे शाळेच्या कवायतीचा ढोल, माझा पत्र्याचा डबा आणि झाडूच्या काठीला टांगलेलं माझं स्टीलचं ताट. त्या ताटाला पोचे पडले. ते अजून माझ्याकडं आहे, त्यात मी तांदूळ निवडते.

तालीम माझ्या पत्र्याच्या खोलीत व्हायची. दुसरीकडं कुणी होऊ देत नव्हतं. मी एका कोपऱ्यात मशीन चालवायची, ही चौघं दुसऱ्या कोपऱ्यात. सायखेड्याचं पोरगं माझ्या मशीनचा ठेका धरायचं. मी पाय मारला की तो सुरू व्हायचा. एकदा त्यानं ताटावरची काठी थांबवली आणि म्हणाला, “काकू, कॉलर आली का? कॉलरला तुम्ही स्लो होता. आमचं गाणं पडतं.”

“मग तुझा ठेका तू धर की,” मी म्हणाले. “माझ्या पायावर का जगतोस?”

“तुमचा पाय चुकत नाही ना काकू.”

त्याला पिठलं फार आवडायचं. मावशीकडं त्याला पोटभर मिळायचं की नाही, देव जाणे. आमच्याकडं तो रोज जेवायचा. तीन वर्षं जेवला.

दहावीच्या गॅदरिंगला त्यांना इंग्रजी गाणं म्हणायचं होतं. मराठी शाळा, इंग्रजीचे गुरुजीसुद्धा इंग्रजी मराठीतूनच शिकवायचे. मुख्याध्यापक नको म्हणाले. मग पोरांनी सांगितलं की आधी देशभक्तीपर गीत म्हणू, मग इंग्रजी. तेव्हा परवानगी मिळाली. गाण्याचा अर्थ चौघांपैकी एकालाही माहीत नव्हता. मी विचारलं तर गाणारा म्हणाला, “प्रेमाचं असणार काकू, त्यांची सगळी प्रेमाचीच असतात.”

शर्टासाठी त्यांनी मला कॅसेटचं कव्हर आणून दाखवलं. त्यावर चार गोरी माणसं होती. केस लांब, डोळ्यांत काजळ, अंगात झुळझुळीत कपडे.

“यातली बाई कोणती?” मी विचारलं.

“काकू, चौघं पुरुष आहेत.”

“मग त्यांच्या आया काय करतात?”

पोरं हसून हसून मशीनवर पडली. पण शर्ट तसेच हवे होते. निळं सॅटिन आणलं, पडद्याचं. खांदे मोठे दिसावेत म्हणून जुन्या उशीतला फोम कापून आत भरला. दुसऱ्यांच्या पोरांचे शर्ट मी आधी बेतले. आपल्याकडं कापड कमी पडलं तर आपल्याच पोराचं कमी पडायला हवं, लोकांचं नाही. तसंच झालं. चौथ्या शर्टाची कॉलर निघेना. माझ्या परकराचं पांढरं कापड उरलं होतं, त्याची लावली. मुलगा दोन दिवस फुगून बसला. सायखेड्याचं पोरगं त्याला म्हणालं, “अरे, तूच उठून दिसशील, आम्ही तिघं बँडवाले दिसू.” मग तो मानला.

म्हणून मी शेजारणीला म्हणाले, माझाच आहे. पांढरी कॉलर एकाचीच होती.

सून आली. दारातच म्हणाली, “आई, काय झालं?” मी तिला पाणी दिलं आणि सांगितलं. ती खाली बसली. मग उठली. तिच्या मोबाईलवर तो फोटो नव्हता, कारण नवऱ्याच्या शाळेच्या ग्रुपमध्ये तिला कोण घेणार. ती म्हणाली, “आई, तुम्ही नक्की पाहिलं?”

“कॉलर पाहिली.”

“चेहरा?”

“कॉलर पाहिली म्हणते ना.”

तिनं पुन्हा नवऱ्याला फोन लावला. बंद. तिचं डोकं ठिकाणावर होतं. ती म्हणाली, अपघात झाला असता तर पोलिसांचा फोन आला असता, आपल्याला आला असता, आधी शाळेच्या ग्रुपला कसा जाईल? ते मला पटलं. पण माणूस हॉटेलात चहा पिता पिता जातो, सोबतचा त्याच्याच फोनवरून कुणाला तरी कळवतो, हेही मी पाहिलेलं आहे. आमचे मालक तसेच गेले. मी ते तिला बोलले नाही.

तिनं शेजारणीच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, मला शाळेच्या मोठ्या ग्रुपवर आलं म्हणून मी ठेवलं, मी काही वाचलं नाही, कोण ते मला माहीत नाही. चित्र कुणी बनवलं? तर दहावी ब मधल्या एका मुलीनं. मुलगी म्हणजे आता तिला सुना आल्यात. त्यानं तिचा नंबर दिला.

या बाईचं मी ऐकून होते. तिनंच तो ग्रुप काढला होता. ‘सोनेरी दिवस’ असं त्याचं नाव. माझा मुलगा रोज सकाळी चहा घेताना तो वाचायचा आणि एकटाच हसायचा. कुणी जुन्या बाकाचा फोटो टाकायचं, कुणी पेरूवाल्याची आठवण काढायचं, कुणी त्या वेळची इंग्रजी गाणी. मग ही पन्नाशी उलटलेली माणसं लाल बदामाची चित्रं पाठवायची. दिवाळीनंतर त्यांचा मेळावा ठरला होता. एका लॉन्सवर जेवण, आणि चौघांनी पुन्हा तेच गाणं म्हणायचं. मुलानं जुनी गिटार कुणाकडून तरी आणली होती आणि बोटांना फोड आणून घेतले होते. मी त्याला एकदा म्हणाले, “कसले सोनेरी दिवस रे? गणितात नापास झालास म्हणून मार खाल्लास. पावसात तुझी वही भिजायची. डब्यात रोज बटाटा असायचा आणि तू रोज रडायचास.”

“तेच ना आई,” तो म्हणाला, “तेच सोनेरी.”

मला ते कळत नाही. मी गेलेल्या दिवसांना सोनं लावत नाही. गेले ते बरं झालं, असंच मला बहुतेक दिवसांबद्दल वाटतं.

सुनेनं त्या बाईला फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे मलाही ऐकू यावं. पण बोलणं मीच सुरू केलं.

“मी बोलते. गिटारवाल्याची आई. सातपूरहून.”

“काकू? अगं बाई, नमस्कार. फार वाईट झालं हो काकू. रात्री झटका आला म्हणे. इतका चांगला माणूस.”

सुनेनं ओट्याची कड धरली.

“कुठं आला झटका?” मी विचारलं.

“घरीच. सायखेड्याला. पहाटे गेला. तुम्हाला आठवतो ना तो? ड्रमवाला आमचा. तुमच्याकडंच जेवायचा म्हणे.”

सून माझ्या तोंडाकडं बघत होती.

“मग फोटो कुणाचा लावलाय तुम्ही?”

“त्याचाच की काकू. ड्रमवाल्याचा. जुन्या फोटोतून कापून घेतला. नाव खाली मेसेजमध्ये टाकलं होतं सगळ्यांना.”

“ड्रममागं माझा मुलगा बसलाय.”

“नाही हो काकू, तो तर गिटारला असायचा.”

“असायचा. फोटोपुरता बसलाय. पांढरी कॉलर बघ. ती माझ्या परकराची आहे.”

तिकडून फार बारीक आवाज आला, “अय्या.”

आणि मग मला ते सगळं आठवलं, आधी आठवायला हवं होतं ते. गॅदरिंग संपल्यावर फोटोग्राफरनं चौघांना स्टेजवर उभं केलं होतं. मी तिथंच होते, माझं ताट परत घ्यायला आले होते. सायखेड्याचं पोरगं म्हणालं, वर्षभर मला गिटारला हात लावू दिला नाहीस, आता फोटोत तरी धरू दे. माझ्या मुलानं दिली. मग त्याला बसायला जागा उरली ती ड्रममागं. चाळीस वर्षांनी वर्गातल्या कुणालाही चेहरे ओळखू येईनात, कारण चेहरे दिसतच नव्हते. त्यांनी वाद्यावरून माणूस ओळखला. मी कापडावरून ओळखला. फोटो कुणाचा ते मी बरोबर सांगितलं, आणि मेलं कोण ते माझं चुकलं.

सून माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिला रडू दिलं. मला मात्र आधी हसू आलं, आणि मग मी खाली बसले.

मला बरं वाटलं. दुसऱ्या बाईचा मुलगा गेला आणि माझा राहिला, हे कळल्यावर मला बरं वाटलं. इतकं बरं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं. कुणी म्हणेल असं वाटून घेऊ नये. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी एकदा आपल्या पोराच्या फोटोला हार घातलेला बघावा, मग बोलावं. त्या पोराला मी तीन वर्षं जेवायला घातलं होतं, हे मला त्यानंतर आठवलं. आधी नाही.

मग चहा केला. फोन वाजायला लागले. त्या चित्राला पाय फुटले होते, ते आमच्या नात्यातही पोचलं होतं. देवळ्याहून माझा भाऊ जीप करून निघाला होता, घाट उतरला होता. त्याला म्हणाले, परत फिर, भाचा धडधाकट आहे.

“जित्ता शे ना पोऱ्या?” तो म्हणाला.

“आहे.”

“मंग झालं.” आणि जरा थांबून म्हणाला, “जीपवाला अर्ध्या वाटेवरून माघारी जायला नको म्हणतो. येऊनच जातो. भाजी काय केली?”

गल्लीतल्या बायका दाराशी येत होत्या, त्यांना मी दाराशीच सांगून परत पाठवत होते. शेजारणीला मात्र कुणी सांगितलं नाही. मी तिला घरी जाऊन रड म्हटलं होतं, ती गेली होती. बाकीच्यांना वाटलं, बातमी तिनंच आणली, तिला सगळं आधी कळणार.

मुलाचा फोन तरीही बंदच होता. ते फार जाचलं नाही, पण थोडं जाचलंच. फोटो चुकला म्हणून रस्त्यावरचे ट्रक थांबत नाहीत. दुपार कलली तशी मी बाहेरच्या पायरीवर येऊन बसले.

तो चार वाजता आला. गाडी दारात लावली आणि आत न येता अंगणातल्या नळाकडं गेला. शर्टाला नदीकाठची माती लागली होती. त्याला चांदवडला बातमी कळली होती, तिथून तो तसाच पिंपळगावावरून सायखेड्याला गेला. मित्रांना कळवता कळवता बॅटरी संपली. खांदा देऊन, सगळं उरकून आला होता. आपल्या फोटोला हार घातलाय हे त्याला माहीतच नव्हतं. घाटावर जमलेल्या कुणीही ते चित्र नीट पाहिलं नव्हतं.

“आई, शिवू नको,” तो म्हणाला. “मसणातून आलोय. आंघोळ करतो.”

“कर,” मी म्हणाले. तो नळाखाली बसला. मी उठून त्याच्या डोक्यावर तांब्यानं पाणी ओतायला लागले. त्याची पाठ चांगली रुंद झाली आहे, केस मधून गेलेत. मी तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. तो म्हणाला, “बस की आता.”

तेवढ्यात फाटक वाजलं. शेजारीण आत आली. डोक्यावर पदर, हातात टोपली, टोपलीवर फडकं. डोळे रडून सुजलेले. ती खाली बघत, हुंदके देत नळापर्यंत आली आणि तिनं वर पाहिलं.

ती ओरडली नाही. टोपलीत भाकरी होत्या, म्हणून तिनं टोपली आधी नीट कट्ट्यावर ठेवली. मग खाली बसली.

“काकू, काय झालं?” मुलगा अंग पुसत म्हणाला. “काय आणलंय?”

“पिठलं-भाकरी.”

“कुणासाठी?”

तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. “तुझ्यासाठीच रे,” ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. ती आधी चिडली, तिला सांगितलं नाही म्हणून. त्यात तिचं बरोबर होतं. मग म्हणाली, “आता हे परत नेता येत नाही हं मावशी. कडू घास माघारी नेत नाहीत.”

“नेऊ नका,” मुलगा म्हणाला. “सकाळपासून पोटात काही नाही.”

त्यानं तिथंच, ओल्या डोक्यानं, पायरीवर बसून ते खाल्लं. स्वतःचा कडू घास स्वतः खाणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला आहे. सून त्याला वाढत होती आणि मध्येच त्याच्या पाठीवर हात ठेवून बघत होती. दुसऱ्या भाकरीला त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाला, पिठलं तिखट आहे. तिखट नव्हतं. शेजारीण तिखट घालतच नाही. त्या पोराला पिठलं आवडायचं, ते त्यालाही आठवलं असणार. मी आणखी एक भाकरी वाढली.

माझा भाऊ पोचला तेव्हा भाकरी संपल्या होत्या. मग मी गॅस पेटवला.

दहाव्याच्या आधी मी सायखेड्याला भेटायला गेले. मुलानं नेलं. त्या पोराची आई माझ्याच वयाची आहे, ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडं मी चाळीस वर्षांत दोनदा गेले असेन. भिंतीवर फोटो लावला होता. तो आता बरोबर लावला होता, हातात गिटार असलेला. ग्रुपवाल्या बाईनं नवा करून पाठवला होता. खाली नावही होतं.

“तो वाजवायचा नाय ते,” म्हातारी म्हणाली. “ड्रम वाजवायचा. पण फोटोत हेच हाय.”

“फोटोपुरतं धरलं होतं,” मी म्हणाले.

“धरू दे. त्याला लय हौस होती.”

मी विचारलं, “त्या निळ्या शर्टाचं काय झालं?”

“पुसणं केलं. लय टिकलं ते. पाणी शोषत नव्हतं, पण टिकलं.”

मला ते आवडलं. शर्ट ट्रंकेत जपून ठेवला असता तर त्याला कसर लागली असती.

निघताना तिनं माझा हात धरला. तिच्या हातात जोर होता.

“तुझ्या पोराच्या फोटोला हार घातला म्हणं.”

“घातला होता. चुकून.”

“मग त्याचं आयुष्य वाढलं. जित्त्या माणसाची अशी आवई उठली का आयुष्य वाढतं.”

“तसं म्हणतात,” मी म्हणाले.

“म्हणतात नाय, वाढतं,” ती म्हणाली. “माझ्याचं गेलं ते कुठं तरी लागलं असंल.” मग हात सोडला आणि आपल्या सुनेला आवाज दिला, “अगं, चहा टाक, पाहुणी निघाली.”

चहा घेतला. दुःखाच्या घरचा चहा नको म्हणत नाहीत.

मेळावा पुढं ढकलला आणि मग झाला. गाणाऱ्याला दम लागतो, बेंजोवाला एका कानानं ऐकत नाही. ड्रमसाठी कुणालाही घेतलं नाही, ठेक्यावाचूनच वाजवलं. मला नेलं होतं, पुढच्या रांगेत बसवलं होतं. मला ते गाणं तेव्हा आवडलं नव्हतं आणि आताही आवडलं नाही. पण शेवटपर्यंत बसले.

फोटोत चौघं होते. त्यांतला सायखेड्याचा गेला. तिघं आहेत. माझा मुलगा त्या तिघांत आहे.